जुनी मोटोक्रॉस बाइक घेताना: आधी कागद, मग थंड इंजिन, चालवणं सगळ्यात शेवटी

जुनी मोटोक्रॉस गाडी, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यत लावायची गाडी, बघायला गेलेली मंडळी आधी किक मारतात, मग आवाज ऐकतात, मग दोन चकरा मारतात आणि तिथेच विरघळतात. त्यानंतर एअर फिल्टर उघडला काय किंवा न उघडला काय, दिसलेला दोष मन कबूल करत नाही. महिन्याभरात इंजिन खोलावं लागतं आणि तेव्हा कळतं की पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत सगळं बाहेरून मागवायचं आहे.

तपासण्या सगळ्यांना थोड्याफार माहीत असतात. चुकतो तो क्रम. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. एखाद्या टप्प्यावर गाडी नापास झाली तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका, घरी या. उदाहरणासाठी २५० सीसी फोर-स्ट्रोक गाड्या धरल्या आहेत: कावासाकी केएक्स २५०, केटीएम २५० एसएक्स-एफ, होंडा सीआरएफ २५० आर, यामाहा वायझेड २५० एफ, सुझुकी आरएम-झेड २५०. टू-स्ट्रोकचं वेगळं काही असेल तिथे ते सांगितलं आहे.

टप्पा १: गाडी ठरवा, मग शोधा

मोटोक्रॉस गाडीला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, आरसा नाही आणि पासिंग होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे. ‘गावाकडे कोण विचारतंय’ हे उत्तर अपघात होईपर्यंतच टिकतं. गाडी पोराला द्यायची असेल आणि पोरगा अठराच्या आतला असेल, तर कलम १९९ क वाचून घ्या असं सांगण्याऐवजी त्यातली गोष्टच सांगतो: अज्ञान मुलाने रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. तेव्हा गाडी फक्त ट्रॅकवर किंवा स्वतःच्या, नाहीतर परवानगी घेतलेल्या खासगी जमिनीवर. सह्याद्रीतली पठारं मोकळी दिसतात, पण त्यातली बरीच वनखात्याची आहेत. अभयारण्यात तर परवानगीशिवाय प्रवेशच नाही.

हे वाचून ‘मला घरापासून डोंगरापर्यंत चालवत जायचंय’ असं वाटलं असेल, तर तुम्हाला मोटोक्रॉस गाडी नकोच आहे. पासिंग असलेली हीरोची जुनी एक्सपल्स २०० बघा. तिचे पार्ट तालुक्याला मिळतात.

मोटोक्रॉसच हवी असेल तर आकार नीट निवडा. पहिली गाडी म्हणून ४५० घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. नवशिक्याचा हात दमतो, मग थ्रॉटल सुटत नाही आणि गाडी माणसाला घेऊन जाते. आसनाची उंची साधारण ९५ सेंटीमीटरच्या आसपास असते, त्यामुळे दोन्ही टाचा जमिनीला टेकणार नाहीत हे गृहीतच धरा.

टायरवरून एक झटपट ओळख पटते. पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस गाडीला पुढे २१ इंची आणि मागे १९ इंची चाक असतं. मागे १८ इंची असेल तर गाडी एन्ड्युरो किंवा ट्रेल जातीची, म्हणजे लांबच्या रानवाटांसाठीची, असण्याची शक्यता जास्त. वाईट काही नाही, पण ‘मोटोक्रॉस’ म्हणून मोटोक्रॉसचा भाव देऊ नका. आणि नाव-गाव नसलेल्या चिनी गाड्यांपासून लांब राहा. प्लास्टिक नामी कंपनीसारखं असतं, पण क्लच प्लेट मागायला गेलात की दुकानदार तुमच्याकडेच बघत बसतो.

भावाचा अंदाज यावा म्हणून एक नवा भाव लक्षात ठेवा: नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने भारतात २५० एसएक्स-एफ आणली ती ९.५८ लाखांना आणि ४५० एसएक्स-एफ १०.२५ लाखांना, दोन्ही एक्स-शोरूम. जुन्या गाडीचे चार-पाच लाख कोणी मागितले तर ‘अर्ध्या किमतीत मिळतेय’ असं वाटतं. ते अर्धं नाही. पुढचा खर्च त्यात धरलेला नाही.

टप्पा २: फोनवर विचारायचे प्रश्न

प्रवासाचा खर्च करण्याआधी फोनवर एवढं विचारा:

इंजिन किती तास चाललं आहे? या गाड्यांचं वय किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात. हौशी चालवणाऱ्याच्या २५० फोर-स्ट्रोकला साधारण ४० ते ५० तासांनी पिस्टन बदलायला येतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. १२५ टू-स्ट्रोकचा त्याहून लवकर येतो, पण तो बदलणं स्वस्त आणि सोपं असतं.

पिस्टन शेवटचा कधी बदलला, कोणी बदलला, बिल आहे का? ‘नवीन टाकलाय साहेब’ हे उत्तर नाही. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला.

टॅपेट (व्हॉल्वची फट) शेवटचे कधी तपासले? हा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर गाडीची देखभाल कशी झाली ते कळलं.

गाडी कोणत्या कागदांवर आली? डीलरचं बिल, की बाहेरून आयात?

आणि शेवटचं वाक्य, शब्दशः: “दादा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड बघायची आहे.”

सावध: तुम्ही पोचल्यावर इंजिन कोमट लागलं, तर त्या दिवशी सौदा करू नका. थंड सुरू होताना त्रास देणारी गाडी आधी तापवून ठेवणं ही जुनी युक्ती आहे. सायलेन्सरला नको, इंजिनाच्या केसिंगला हात लावून बघा. ते उष्णता जास्त वेळ धरतं.

टप्पा ३: कागद, गाडीला हात लावण्याआधी

आरसी बुक नसतं, त्यामुळे मालकीचा पुरावा म्हणजे बिलांची साखळी. पहिल्या खरेदीचं बिल, त्यानंतर प्रत्येक विक्रीचा कागद. आयात गाडी असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री आणि ड्यूटी भरल्याची पावती. मधली एक कडी जरी गायब असेल तरी विक्रेता नेमका कोणाची गाडी विकतोय हे तुम्हाला ठाऊक नाही.

चासी नंबर हँडलखालच्या स्टिअरिंग हेडवर ठोकलेला असतो. केबल बाजूला करा, कापडाने पुसा, मोबाइलच्या टॉर्चने तिरपा उजेड टाका आणि बिलावरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. बऱ्याच कंपन्यांच्या १७ अक्षरी नंबरात दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४. ‘२०२२ ची गाडी’ म्हणून विकायला काढलेल्या गाडीवर दहावं अक्षर ‘के’ निघालं तर प्लास्टिक नवीन आणि गाडी जुनी आहे. नवीन मॉडेलचं प्लास्टिक आणि स्टिकर जुन्या फ्रेमवर बसवणं सर्रास चालतं.

नंबरभोवती घासल्याच्या खुणा, ताजा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर नमस्कार करून निघा. घासाघीस करू नका.

सावध: एखादी परदेशी गाडी ‘कार्नेवर (ड्यूटी न भरता तात्पुरतं वाहन आणायच्या कागदावर) आलेली आहे, म्हणून स्वस्त’ असं सांगितलं तर ती घ्यायचीच नाही. कार्नेवर आलेलं वाहन ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर परत जायचं असतं. ते इथे विकताच येत नाही आणि कस्टम्सचा ससेमिरा गाडी ज्याच्या दारात उभी त्याच्या मागे लागतो.

टप्पा ४: किक मारण्याआधी

या टप्प्याला पाऊण तास द्या. सोबत न्यायचं सामान: ८, १० आणि १२ चा टी-पाना, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, पांढरी सुती चिंधी, रबरी हातमोजे, गाडी उभी करायला स्टँड किंवा मजबूत क्रेट, आणि शक्य असेल तर मोटोक्रॉसचं इंजिन खोललेला मेकॅनिक. मोटोक्रॉसचं म्हणतोय. स्प्लेंडर डोळे झाकून जोडणारा उत्तम मिस्त्रीसुद्धा इथे दोन ठिकाणी घात करतो, ते पुढे येईल.

एअर फिल्टर आधी. सीट काढा किंवा बाजूचं कव्हर उघडा आणि फोमचा फिल्टर बाहेर घ्या. फोम तेलाने चिकट लागला पाहिजे. कोरडा, फाटका किंवा कडेला नीट न बसलेला फोम म्हणजे माती सरळ इंजिनात. पण खरी तपासणी फोमची नव्हे, त्याच्या आतल्या बाजूची आहे. रबरी नळीत, म्हणजे फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीच्या मधल्या भागात, बोटाला पांढरी चिंधी गुंडाळून आतून फिरवा. चिंधीवर फक्त तेलाचा हलका डाग आला तर ठीक. बारीक धूळ आली, बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर ती माती सिलिंडरपर्यंत गेलेली आहे. विक्रेता तिथल्या तिथे नवा फिल्टर बसवून देईल. पण गेलेली माती परत येत नाही. कोकणातली तांबडी धूळ तर चिंधीवर लगेच ओळखू येते.

मोटोक्रॉस इंजिनाच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर असतो. मातीने तो खरवडला की आपल्याकडचा नेहमीचा उपाय चालत नाही: लेथवर बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन टाकला तर तो थरच निघून जातो. हा घात क्रमांक एक. सिलिंडरवर पुन्हा थर चढवून घ्यावा लागतो किंवा नवा आणावा लागतो. म्हणून ‘बोअर मारून घेतलंय, आता टनाटन आहे’ असं कौतुकाने सांगितलेली गाडी सोडून द्या.

तेल. तेल बघायच्या काचेत दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर पाणी आत शिरलंय. विक्रेता परवानगी देत असेल तर ड्रेन बोल्ट उघडा. चुंबकावर करडी, लोण्यासारखी बारीक पूड असणं सामान्य आहे. बोटाला टोचणारे कण, चकाकणारे तुकडे असणं सामान्य नाही. होंडाच्या जुन्या सीआरएफमध्ये इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, दोन्ही बघा.

रेडिएटर. झाकण उघडा, इंजिन थंड असेल तेव्हाच. कुलंट काठोकाठ असावं. त्यावर तेलाचा तवंग नको. रेडिएटर पडून वाकलेले असतात, थोडं वाकणं माफ. जाळीत वाळलेली काळी माती घट्ट बसली असेल तर इंजिन तापलेलं असणार. वॉटर पंपाखाली एक बारीक छिद्र असतं; तिथून कुलंट किंवा तेल ओघळल्याची खूण असेल तर पंपाचं सील गेलं आहे. ही दुरुस्ती छोटी आहे, भावात धरा.

आता गाडी किती वापरली आहे ते हाताने वाचा. तास-मीटर खोटं बोलू शकतो. बाहेरून लावलेला मीटर काढून नवा लावायला दहा मिनिटं पुरतात. पुढच्या जागा मात्र लपत नाहीत: फूटपेगचे (पाय ठेवायच्या दांड्यांचे) दात किती झिजलेत, बुटाने घासून फ्रेमचा रंग कुठपर्यंत उडालाय, गिअर लिव्हरच्या टोकाचं काय उरलंय, ब्रेक डिस्कच्या कडेला नखाला पायरी लागते का. मीटरवर १८ तास आणि फूटपेग गुळगुळीत, हा मेळ बसत नाही. आणि हो, पूर्ण नवीन ग्राफिक्स, नवीन सीट कव्हर, चकाचक धुतलेलं इंजिन बघून खूश होऊ नका. धूळ बसलेली, तेल गळत नसलेली गाडी माझ्या दृष्टीने जास्त प्रामाणिक. कुठून काय ओघळतंय ते तिच्यावर दिसतं तरी.

मागचं स्प्रॉकेट बघा. दात एका बाजूला वाकून माशाच्या गळासारखे झाले असतील तर पूर्ण चेन-सेट जाणार. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या बिंदूवर धरून ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन ताणलेली आहे.

टप्पा ५: सांगाडा आणि बेअरिंग

गाडी स्टँडवर घ्या, दोन्ही चाकं अधांतरी.

फ्रेमवर टॉर्च मारत फिरा: स्टिअरिंग हेडच्या मागे, फूटपेगच्या माउंटजवळ, खालच्या नळ्यांवर. रंगातली बारीक सरळ रेघ म्हणजे बहुधा तडा. अ‍ॅल्युमिनियम फ्रेमवर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने मारलेला टाका दिसला तर गाडी नको. मागचा सब-फ्रेम वाकलाय का ते मागून उभं राहून बघा: मडगार्डची मध्यरेषा आणि मागचं चाक एका ओळीत हवं.

पुढचं चाक आधी सरळ करा, मग हँडल सावकाश दोन्हीकडे वळवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट (स्टिअरिंगचे बेअरिंग) गेला. नंतर फोर्कचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा. टक-टक लागली तर कोन सेट सैल किंवा झिजलेला.

चाक वर-खाली धरून आडवं हलवा, व्हील बेअरिंग कळतात. स्क्रू ड्रायव्हरने एकेक आरा टिचकावा. घट्ट आरा टणत्कार करतो, सैल आरा बद्द वाजतो. एक-दोन सैल असतील तर चालतं, अर्धं चाक बद्द वाजलं तर रिमही बघा.

मागच्या चाकाला खालून धरून सावकाश वर उचला. सस्पेन्शन दबायला लागण्याआधी मोकळा खटका लागला, तर लिंकेजचे (मागच्या शॉकअपला जोडणाऱ्या सांध्यांचे) बेअरिंग कोरडे पडून खाल्ले गेलेत. हे फार गाड्यांत सापडतं. कारण पावसाळ्यात चिखलात चालवून लगेच वॉशिंग सेंटरला नेतात, जोराच्या पाण्याने ग्रीस निघून जातं आणि पुन्हा भरायला कोणी लिंकेज खोलत नाही.

पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर नख फिरवा. तेलाची ओल म्हणजे सील. तेवढं काम सोपं. पण नख अडकेल असा खळगा किंवा ओरखडा असेल तर नवं सील महिनाभरही टिकणार नाही. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर तेल असेल तर तो पूर्ण खोलून नायट्रोजन भरून घ्यावा लागतो, आणि ते प्रत्येक शहरात होत नाही.

तपासा: इथवर लागलेले दोष कागदावर लिहून काढलेत का? नसतील तर आत्ता लिहा. गाडी सुरू झाल्यावर आठवणार नाहीत.

टप्पा ६: थंड गाडी सुरू करणं

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलं तर त्यात पाणी धरतं आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा बसतो. आंबूस, वार्निशसारखा वास आला तर ताजं पेट्रोल भरून मगच पुढे जा, नाहीतर सुरू न होण्याचं खापर इंजिनावर फुटेल.

किक असलेल्या गाडीला आधी हाताने किक दाबून बघा. फोर-स्ट्रोकला कॉम्प्रेशनचा स्पष्ट अडथळा लागला पाहिजे. मग विक्रेत्याला सुरू करू द्या आणि तुम्ही फक्त बघा. तो चोक किंवा कोल्ड स्टार्टची कळ ओढतो का, किती किका मारतो, थ्रॉटलशी काय कसरत करतो. थंड इंजिनाला चोक लागणं योग्यच आहे. उलट चोकशिवाय, रेस देत देत कशीबशी धरून ठेवावी लागणारी गाडी संशयास्पद.

धूर. फोर-स्ट्रोकमधून निळा धूर सतत येत असेल तर तेल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा, थांबतच नसलेला धूर म्हणजे कुलंट जळतंय. टू-स्ट्रोकला सुरुवातीला निळसर धूर असायचाच. तो गरम झाल्यावरही ढगासारखा येत राहिला आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलेलं असतं. टू-स्ट्रोकचं थ्रॉटल सोडल्यावरही आवाज चढाच राहिला तर कुठून तरी फालतू हवा आत येतेय. तशी गाडी चालवली तर पिस्टन जाम होतो.

दहा मिनिटं चालू द्या, बंद करा, तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. ही चाचणी वगळू नका. गरम झाल्यावर सुरू व्हायला नखरे करणाऱ्या फोर-स्ट्रोकचे टॅपेट बहुधा आवळलेले असतात, म्हणजे व्हॉल्वची बसण्याची जागा झिजली आहे. शिम (फट जुळवायची चकती) बदलून तात्पुरतं भागतं. पण बऱ्याच मॉडेलमध्ये व्हॉल्व टायटॅनियमचे असतात आणि त्यांच्यावरचा कठीण थर एकदा गेला की झीज झपाट्याने होते. इथे मिस्त्रीचा घात क्रमांक दोन: जुन्या सवयीने व्हॉल्व पेस्ट लावून घासून बसवणं. टायटॅनियमच्या व्हॉल्वला ते केलं की थर गेला, व्हॉल्व गेला.

टप्पा ७: लीक-डाउन, कॉम्प्रेशन गेज नव्हे

आजच्या फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्यांना किक किंवा स्टार्टर हलका जावा म्हणून ऑटो-डीकॉम्प्रेसर असतो. तो कमी वेगात एक व्हॉल्व किंचित उघडा ठेवतो. त्यामुळे साधा कॉम्प्रेशन गेज लावला तर आकडा कमी येतो आणि चांगलं इंजिन वाईट ठरतं. उलटही होतं: विक्रेता ‘हिचं कमीच दाखवतं’ म्हणून खरंच गेलेलं इंजिन गळ्यात मारतो. टू-स्ट्रोकला गेज चालतो, थ्रॉटल पूर्ण उघडून काटा थांबेपर्यंत किक मारायची.

फोर-स्ट्रोकला लीक-डाउन टेस्ट लागते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. दहाच्या आत उत्तम, वीसपर्यंत चालवून घेता येतं, तीसच्या पुढे काम निघालं. आकड्यापेक्षा हवा कुठून निघते ते ऐका. एअर फिल्टरच्या बाजूने सूं-सूं आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, तेलाच्या झाकणातून आली तर पिस्टन रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. चार लाखांची वस्तू घेताना ही टेस्ट करायला विक्रेता नाही म्हणाला, तर त्याच्या ‘नाही’मध्येच टेस्टचा निकाल आला.

टप्पा ८: आता चालवा

हेल्मेट, बूट, नी-गार्ड घालून, ट्रॅकवर किंवा शेतात. चप्पल घालून ‘जरा एक राउंड’ नको.

पहिल्या गिअरपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक गिअरमध्ये पूर्ण जोर द्या आणि मग थ्रॉटल झटकन सोडा. जोर दिल्यावर किंवा सोडल्यावर गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार, म्हणजे इंजिनाचे दोन भाग वेगळे करायचे. हा मोठा खर्च आहे. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर दिला आणि आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. कधी प्लेट झिजलेल्या असतात, कधी कोणीतरी कारचं तेल ओतलेलं असतं. क्लच ओढून गिअर टाकल्यावर गाडी पुढे सरकत राहिली तर क्लच बास्केटला खाचा पडल्या असण्याची शक्यता आहे.

उडी मारून बघायची गरज नाही. सरळ रेषेत हात किंचित सैल करा, गाडी एका बाजूला ओढते का ते कळतं.

टप्पा ९: हिशेब आणि सौदा

लिहून काढलेल्या दोषांसमोर रक्कम टाका. पार्टचा भाव आणि तो यायला लागणारा वेळ, दोन्ही डीलरला किंवा पार्ट मागवणाऱ्याला त्याच दिवशी फोन करून विचारा. ज्या कामाचं बिल विक्रेत्याकडे नाही ते काम व्हायचं बाकी आहे असं धरा. समजा मीटरवर ६२ तास आहेत आणि पिस्टन बदलल्याचं बिल नाही, तर पिस्टन, रिंग, गॅस्केट, टायमिंग चेन आणि मजुरी एवढं भावातून वजा. ‘तुम्ही फारच खोलात जाता’ असं ऐकायला लागेल. जाऊ द्या.

विक्रेता मदत म्हणून नवा पिस्टन स्वतः टाकून द्यायला तयार झाला तर नम्रपणे नको म्हणा. पैसे कमी करून घ्या, काम तुमच्या मेकॅनिककडून करवा.

पैसे बँकेतून द्या. इसार दिलात तर किती दिला, कशासाठी दिला आणि कोणत्या अटीवर परत मिळेल हे मेसेजवर तरी लिहून घ्या. विक्रीचा कागद ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. महाराष्ट्रात आता त्याखालचा चालत नाही. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर, रक्कम, तारीख, ‘वाहन रस्त्यावर चालवण्यासाठी नाही’ हा उल्लेख, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. जुनी बिलं मूळ घ्या, झेरॉक्सवर समाधान मानू नका. सोबत मॅन्युअल, जादा स्प्रॉकेट, स्टँड, इंजिन मॅपची (इंजिनाची सेटिंग बदलायची) जोडणी असं जे मिळणार असेल ते कागदावर नाव घालून लिहा.

गाडी चालवत आणायची नाही. छोटा हत्ती ठरवा, दोन पट्टे हँडलला आणि दोन मागे बांधा. फोर्क पूर्ण दाबून बांधू नका, सील फुटतात. चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवला की फोर्क गरजेपेक्षा जास्त दबत नाही.

टप्पा १०: पहिल्या राइडआधी

गाडी कितीही चांगली निघाली तरी पुढची कामं केल्याशिवाय ट्रॅकवर नेऊ नका. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, क्लच ओला असल्याने जेएएसओ एमए२ दर्जाचंच तेल घ्या. एअर फिल्टर धुऊन, वाळवून, फोम फिल्टरचं तेल लावा. कुलंट आणि ब्रेक ऑइल नवं. स्टिअरिंग, लिंकेज, स्विंग आर्म खोलून ग्रीस. टॅपेट मोजून आकडे वहीत लिहा. पुढच्या वेळी मोजल्यावर किती सरकले ते यावरूनच कळेल.

तास-मीटर नसेल किंवा त्यावर भरवसा नसेल तर नवा लावा आणि शून्यापासून तुमचा हिशेब सुरू करा.

शेवटी सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती दबतं ते. मागचं चाक अधांतरी असताना ते मडगार्डपर्यंत किती उंचीवर आहे ते मोजा, मग हेल्मेट, बूट, गार्ड असं सगळं घालून तुम्ही बसल्यावर मोजा. दोन्हींतला फरक साधारण १०० ते १०५ मिलिमीटर यायला हवा; कंपनीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. शॉकअपची रिंग फिरवूनही तो जमत नसेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाचा नाही. आधीच्या मालकाने वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलले होते का, हे त्याला सौद्याच्या दिवशीच विचारून ठेवा, नंतर तो फोन उचलेलच असं नाही.